मावशींचे एकशे बारा चेहरे

मावशी आणि दिग्दर्शक यांची पहिली भेट झाली तेव्हा आगीचा बंब आला होता. आग कुठेही लागली नव्हती. मावशी दचकल्या होत्या, एवढंच.

दिग्दर्शकाने त्या दिवशी सकाळपासून एकोणतीस बायका दचकवून पाहिल्या होत्या. दुपारच्या मालिकेसाठी त्याला नायिकेची मावशी हवी होती, आणि या मावशीचं काम एकच होतं: दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं आणि घरात काही घडलं की दचकायचं. काही घडल्याशिवाय त्या घरातली दुपार जात नव्हती, त्यामुळे काम पक्कं होतं. पण एकोणतिसांपैकी निम्म्या बायका दचकताना शिंक आल्यासारखं करत होत्या आणि उरलेल्या दाढ दुखल्यासारखं. तिसाव्या आल्या त्या करडा कोट घालून, हातात पिशवी आणि पिशवीत छत्री घेऊन. दिग्दर्शक जांभई आवरत म्हणाला, "समजा, दहा वर्षांपूर्वी मेलेला तुमचा मेहुणा दारात उभा आहे."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

त्यापुढे काय झालं याबद्दल आजही एकमत नाही. दिवेवाला सांगतो की शिडी हलली. ध्वनिमुद्रण करणारा सांगतो की बाईंच्या तोंडून आवाजच निघाला नाही, पण त्याच्या दोन्ही कानांतून काहीतरी आरपार गेलं. बाहेरच्या पहारेकऱ्याला काचेतून फक्त त्यांचा चेहरा दिसला. इमारत आता पडतेच आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्याने धावत जाऊन बंब बोलावला. खुद्द दिग्दर्शक मान वळवून दाराकडे बघत बसला होता, आणि दारात मेहुणा नाही हे पाहून त्याला चक्क वाईट वाटलं.

"उद्यापासून या," तो म्हणाला.

"किती वाजता?" बाईंनी पिशवी उचलत विचारलं. दूधवाल्याला विचारावं अशा सुरात.

स्वतःचं नाव त्यांनी करारावर सही करताना शेवटचं वापरलं. त्यानंतर त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या. वयाने त्यांच्याहून मोठा असलेला सुतारसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचा.

त्याआधी वीस वर्षं त्यांनी नाटकात कामं केली होती: शेजारीण, परिचारिका, गर्दीतली दुसरी बाई. नवराही नाटकातलाच. तो रंगमंचाच्या कडेला अंधारात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचा. घरीही त्याला ती सवय होती. मावशी "अहो, ते आपलं हे कुठे" एवढं म्हणाल्या की आतून आवाज यायचा, "चष्मा. फ्रीजवर." तो गेला, आणि घरात पुढचं वाक्य सांगणारं कुणी उरलं नाही. मुलगा पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात, सुनेबरोबर. मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची भिंत आणि त्या भिंतीत एकही खिडकी नाही.

मालिकेतलं घर मात्र भरलेलं होतं. तिथला जिना चार पायऱ्या चढून संपायचा आणि वर काहीच नव्हतं. खिडकीबाहेरची बाग कापडावर रंगवलेली होती. फोनला वायर नव्हती. पण माणसं खरी होती. कुणी मावशींना डोकेदुखीची गोळी मागायचं, कुणी बटण लावून मागायचं, आणि मालिकेत महिनाभर बेशुद्ध असलेला नायक दोन शॉट्सच्या मधे उठून त्यांच्या डब्यात हात घालायचा.

"अरे, तुझी शुद्ध हरपलीय ना?" मावशी म्हणायच्या.

"शुद्ध हरपलीय मावशी, भूक नाही."

संध्याकाळी सहाला फोन यायचा. तो वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईचा असायचा. ती श्वास न घेता बोलायची. "मावशी उद्या साडेसात हिरवी शाल गाडी सात वाजता ठेवते." मावशींना पाच शाली होत्या, आठवड्याच्या पाच भागांना पाच, आणि शालीचा रंग कळला की त्यांचा दुसरा दिवस ठरायचा. सकाळी सातला खाली गाडीचा भोंगा दोनदा वाजायचा. त्या भोंग्यासाठी मावशी पावणेसातपासून बूट घालून बसायच्या.

संवादांच्या बाबतीत मात्र उपासच होता. पहिल्या वर्षी "अगं बाई!" दोनदा. दुसऱ्या वर्षी काही नाही. तिसऱ्या वर्षी एक अख्खं वाक्य: "दार वाजलं वाटतं." त्या वाक्याची त्यांनी चार दिवस तालीम केली. 'दार' वर जोर द्यावा की 'वाटतं' वर, हे विचारायला त्यांनी मुलाला फोन केला होता. मुलगा म्हणाला होता, "आई, मी मीटिंगमध्ये आहे."

मग तो शनिवार आला.

अडचण खरी होती. खुर्ची कोपऱ्यात, त्यामुळे मावशींचा एक दचका घ्यायचा म्हणजे सगळे दिवे फिरवायचे, आणि त्यात पाऊण तास जायचा. दिग्दर्शकाने डोकं लढवलं. एक दिवस फक्त मावशींचा ठेवू, पाचही शालींत वीस-बावीस चेहरे घेऊन ठेवू, म्हणजे रोजची कटकट नको.

मावशी खूश झाल्या! आयुष्यात पहिल्यांदा सगळे दिवे त्यांच्याकडे, कॅमेरा त्यांच्याकडे, आणि अख्खी खोली श्वास रोखून त्यांच्याकडे बघतेय. दचका झाला. संशय झाला. आनंद, काळजी, "मला आधीच माहीत होतं", "मला कुणी सांगितलंच नाही" हेही झालं. दुपारी दिग्दर्शक म्हणाला, "बास मावशी, पुरे झाले."

"एवढ्यात? अहो, संशयाचेच सात प्रकार आहेत माझ्याकडे."

"सात?"

"सुनेवरचा वेगळा, डॉक्टरवरचा वेगळा. घ्या, घ्या. बसल्यासरशी देते."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकशे बारा चेहरे दिले. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी गाडीत बसल्या त्या तरंगतच.

सोमवारी संध्याकाळी सहाला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मावशींनी फोन उचलून आवाज येतो का पाहिलं. येत होता. बुधवारी दुपारी दोनला त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर नायिकेच्या हातून फुलदाणी फुटली आणि हिरव्या शालीतल्या मावशी अशा काही दचकल्या की घरातल्या मावशीही दचकल्या.

आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं. कुणी त्यांना काढलं नव्हतं. कुणी भांडलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी, एका दिवसात, हौसेने, स्वतःची गरज संपवली होती.

गेलेल्या माणसाच्या घरी निदान लोक विचारपूस करायला येतात. मावशी तर रोज दिसत होत्या. जिन्यात शेजारीण म्हणाली, "आत्ता तर टीव्हीत होतात, एवढ्यात आलात पण?" फळवाल्याने सांगितलं की डॉक्टरवर तुम्ही संशय घेतलात ते बरोबर केलंत, तो माणूस चांगला नाही. मावशींनी मान डोलावली. डॉक्टरने काय केलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं; तो भाग त्यांनी पाहिला नव्हता.

मुलाचे रविवारचे फोन आखूड होत गेले. "काय आई, मजेत ना? रोज बघतो तुला. कामात असतेस म्हणून मधे फोन करत नाही." मावशींना एकदा पाच दिवस ताप आला. त्या पडून होत्या, तोंडाला चव नव्हती, आणि मुलगा म्हणत होता, "आज काय प्रसन्न दिसत होतीस गं! ती निळी शाल तुला खुलते."

"हो का?" मावशी म्हणाल्या. "बरं झालं."

आपण घरीच असतो, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. सांगितलं की तो म्हणणार, मग ये ना इकडे. आणि तो तसं म्हणालाच नाही तर? तेवढं मावशींना बघायचं नव्हतं.

सातव्या आठवड्यात त्या स्वतःच सेटवर गेल्या. दिग्दर्शक लगबगीने पुढे आला. "अरे मावशी! आज कशा काय?"

"सहज. बरेच दिवस भेट नाही."

"भेट नाही? अहो, रोज तर असता तुम्ही!" तो मनापासून म्हणाला आणि दिव्यांकडे वळला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तारांची गुंडाळी ठेवली होती. मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग शोधत शोधत संकलकाच्या खोलीत गेल्या. दिवसभर अंधारात बसून चित्रं कापणारा-जोडणारा हा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता. त्याने वळून पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"सदुसष्ट!" तो म्हणाला. "म्हणजे, मावशी. बसा ना. माफ करा, मी तुम्हाला नंबरांनी ओळखतो."

"सदुसष्ट कुठला?"

त्याने दाखवला. जांभळ्या शालीतल्या मावशी मान वर करून कुणाकडे तरी बघत होत्या, आणि चेहरा असा उजळला होता की मावशींना तो ओळखूच येईना.

"लग्न असो, बाळ होवो, हरवलेला भाऊ सापडो, मी हाच लावतो," संकलक म्हणाला. "एवढा आनंद तुम्ही आणला कुठून?"

मावशींना आठवलं. तो अभिनय नव्हताच. दोन शॉट्सच्या मधे कुणीतरी विचारलं होतं, "मावशी, दमलात? चहा आणू?" आणि कॅमेरा चालू राहिला होता.

"असाच आला," त्या म्हणाल्या. मग धीर करून विचारलं, "एकशे बारा संपतील कधी?"

संकलकाने इकडे तिकडे पाहिलं. "संपणार नाहीत हो. पण तुम्हाला म्हणून सांगतो. पुढच्या बुधवारच्या भागात नायिका घर सोडून निघते, आणि मावशी तिला अडवते. बोलते. 'थांब. मी आहे ना.' हे काही तुमच्या एकशे बारांत नाही. मी काय जोडणार? बोलावावंच लागेल तुम्हाला."

मावशी जवळजवळ पळतच बाहेर आल्या. कपड्यांच्या खोलीत जांभळ्या शालीची किनार उसवलेली त्यांना दिसली. नायिका थांबली की सदुसष्ट येणार, म्हणजे बुधवारच्या प्रसंगाला जांभळीच लागणार! "घरी नेऊन शिवून आणते," त्यांनी सांगितलं. पुन्हा यायला एक निमित्त हाताशी असलेलं बरं, हा त्यातला कावा. साध्या माणसाचे कावे असेच असतात, सुईदोऱ्याचे.

किनार त्या रात्रीच शिवून झाली. मग तालीम सुरू झाली. 'थांब' आधी म्हणून मग उठायचं की उठता उठता म्हणायचं? 'मी' वर जोर, की 'आहे' वर? मावशी खिडकीसमोरच्या भिंतीला अडवत राहिल्या. "थांब. मी आहे ना." भिंत थांबत होती, हे तिचं चांगलं होतं. रविवारी त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "बुधवारी नक्की बघ. मी बोलणार आहे."

"वा! मग बघायलाच हवं. हिलाही सांगतो."

सोमवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. मावशींनी दुसरी घंटा होऊ दिली. उगाच उतावीळ वाटायला नको.

"मावशी उद्या जांभळी शाल," वेळापत्रकवाली म्हणाली, "गाडी सात वाजता."

"साडेसातला सेटवर ना? तयारच आहे मी."

पलीकडे तिने पहिल्यांदा श्वास घेतला. "नाही मावशी, म्हणजे, शाल. शाल तुमच्याकडे आहे ना? पाठमोरंच घेणार आहेत. दिवे फिरवायला वेळ नाही. मीच बसणार आहे शाल घेऊन, आणि वाक्यही मीच बोलतेय. तुम्ही कशाला त्रास घेता? खाली ड्रायव्हरकडे द्या, झालं."

"बरं," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अगं, 'मी' वर जोर देऊ नकोस. 'आहे' वर दे."

"हो, सांगितलंत ते बरं केलंत."

सकाळी सातला भोंगा दोनदा वाजला. मावशी बूट घालूनच बसल्या होत्या. त्या खाली गेल्या. ड्रायव्हरने सवयीने मागचं दार उघडून धरलं. "बसा मावशी."

"आज ही येतेय," मावशी म्हणाल्या, आणि घडी घातलेली शाल त्यांनी मागच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीशी ठेवली.

बुधवारी दोनला त्यांनी टीव्ही लावला. जांभळी शाल खुर्चीतून उठली. आवाज म्हणाला, "थांब. मी आहे ना." जोर 'आहे' वर होता. नायिका वळली, आणि मग सदुसष्ट नंबर आला.

दहा मिनिटांत मुलाचा फोन. रविवार नसताना!

"आई, ऐकलं! काय बोललीस! ही तर रडली."

"आवाज बरा आला?"

"अगं, म्हणजे काय? तुझा आवाज मी ओळखणार नाही का?" तो हसला. "बरं ऐक. पुढच्या आठवड्यात सुट्टी होती, तुझ्याकडे चार दिवस येणार होतो. पण आता तुला संवाद पण द्यायला लागलेत म्हणजे तू घरी सापडायची नाहीस. मग आम्ही हिच्या आईकडे जाऊन येतो. चालेल ना?"

मावशींनी पुढचं वाक्य कुणी सांगतंय का म्हणून क्षणभर वाट पाहिली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मालिका त्यानंतर दोनशे दहा भाग चालली. जांभळी शाल मावशींकडे परत आली नाही.