दगडाचा कापूस

मिस्त्री तळहातावर पांढऱ्या तंतूंचा पुंजका ठेवायचे, त्याला पेटती काडी लावायचे आणि विचारायचे, "पाय बरं, जयते का?" कारखान्यात नवा माणूस आला की हा खेळ ठरलेला. काडी विझायची, पुंजका जसाच्या तसा. मग फुंकर मारून तो आमच्या तोंडावर उडवायचे. "दगडाचा कापूस होय बावा!" आम्ही पोट धरून हसायचो. आता ती फुंकर आठवली की मी नकळत तोंडावर हात धरतो.

आमचा कारखाना वणीकडचा. बॉयलरच्या वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. जुनं ठोकून काढायचं, नवं चढवायचं, हे मिस्त्रींचं काम, आणि मी त्यांच्या हाताखाली, दोघंही ठेकेदाराची माणसं. अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द तिथं कुणी उच्चारला नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातली, कापूस पिकवणारी माणसं. पांढरं, मऊ दिसलं की आम्हाला दुसरं काय सुचणार?

मिस्त्रींच्या जिभेचा पट्टा सैल, पण माणूस मायेचा. डबा उघडला की अर्धी भाजी माझ्या पोळीवर. "खाय लेका, हाडं दिसून राह्यले तुहे." माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी त्याच कापसाचं जाड फडकं आणून दिलं. "सूनबाईले सांग, गरम गंज-भांडे उतरवाले कामी येते." चार वर्षं ते फडकं आमच्या शेगडीपाशी होतं हो! बायको ते रोज झटकायची.

मग मिस्त्री जिन्यावर थांबायला लागले.

"काहून थांबले?"

"काही नाही बे. हवाच कमी हाय इथं."

मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काम कशात करता? मिस्त्री छाती काढून म्हणाले, "कापसात. तीस वर्ष झाले." डॉक्टरांनी तसंच लिहिलं, कापसाच्या धुळीचा आजार. मी शेजारीच बसलो होतो मठ्ठासारखा. मलाही त्यात काही चूक वाटली नाही.

भरपाईचा अर्ज केला, तर कारखान्याचं उत्तर आलं की आमच्याकडे कापूस वापरलाच जात नाही. आता बोला! नळांवरचं काम ऐकून यवतमाळच्या वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार कायद्याच्या यादीत आहे, म्हणाल्या, कामगार ठेकेदाराचा असला तरी हक्क जात नाही. पण नवी तपासणी हवी आणि सोबत काम केलेल्या माणसाचा जबाब हवा.

"मले काय मालूम बाई," मिस्त्री पुटपुटले, "सारे कापूसच म्हनत होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा गेटपास अजून चालू होता. पण खरं सांगू? नोकरीची भीती मी नुसती पुढे केली. जबाब द्यायचा म्हणजे मीही तीच धूळ खाल्ली हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, आणि तेच मला नको होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

"जबरदस्ती नाही बावा," मिस्त्री म्हणाले. "तुले लेकरं हायत."

नव्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आजाराचं नाव बरोबर लिहिलं. मिस्त्रींना तोवर आडवं होता येत नव्हतं. उशा रचून, बसल्या बसल्याच गेले. मी विचारच करत राहिलो होतो. लाज वाटते सांगायला.

दावा मिस्त्रींच्या बायकोनं, वहिनींनी, चालू ठेवला, वारसाला तो चालवता येतो. या वेळी मी न बोलावता भरपाईच्या कचेरीत जबाब द्यायला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय करायचात? म्हटलं, मिस्त्री वरून ठोकायचे, मी खाली बसून गोळा करायचो.

"किती वर्षं?"

"अकरा."

साहेबांचा पेन थांबला. "तुमची तपासणी झाली का?"

मी कारकुनाकडे वळलो. त्यानं पुढे केलेला जबाबाचा कागद मी भरला, सही केली. त्यानं तो वाचला आणि हळूच परत माझ्यासमोर सरकवला. आजारी कामगाराचं नाव लिहायचं होतं, तिथं मी माझं लिहिलं होतं.