श्री लिहिलेली कॅसेट

गिऱ्हाईकाने जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट हातात घेतली, की उज्ज्वला हातातलं काम टाकून पुढे यायची. आता आपला नवरा बोलायला लागणार!

सुरतेच्या लिंबायतमध्ये त्यांचं रिमोट-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा भिकन भंगारातून कॅसेटी आणायचा, पुसून चालू करायचा. हौशी लोक लांबून शोधत यायचे. मुकाट्याने विकाव्यात की नाही? पण हा म्हणणार, "जपा हं हिला. हिचा मालक तापाने फणफणला तरी हिला उशाशी घेऊन झोपायचा." परवा एक बाई ते ऐकून इतकी हळवी झाली, की कॅसेट ठेवून डोळे पुसत निघूनच गेली.

"ताप होता हे तुम्हाला कोणी सांगितलं हो?" उज्ज्वला कडाडली.

"स्टिकर बघ ना. घामाने सुटलंय."

हा माणूस उभं आयुष्य कापडाच्या लूमवर राबला. त्या खडखडाटात सगळं हातवाऱ्यांनीच चालायचं. घरी आला की जेवून आडवा. काम सुटलं आणि साठलेलं बोलणं बाहेर पडायला लागलं. ते तिला कळत होतं, म्हणून त्याचं तोंड बंद करवत नव्हतं. आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

एका दुपारी श्रीरंग नावाचा माणूस आला. कडोदऱ्याच्या एका कापड युनिटमध्ये सुपरवायझर. कॅसेटी चाळता चाळता तो ओरडलाच, "अरे, ही तर माझी!"

"छे," भिकन म्हणाला. "ही एका देवभोळ्या घरातली. मागे श्री लिहिलंय बघा. आईने दसऱ्याला पूजेत ठेवली होती."

"काका, श्री म्हणजे श्रीरंग. मीच कोरलंय ते कर्कटकाने!"

"मग तुमच्याआधी कोणाची तरी असणार."

"आधी कोणाची? बाबांनी नवीकोरी आणली होती, खोक्यातून!"

"खोकं काय, पुन्हा चिकटवता येतं."

"अहो, त्यांची वस्तू त्यांना कळणार नाही का?" उज्ज्वला कपाळावर हात मारत म्हणाली. पण दोघंही हट्टाला पेटलेले. शेवटी श्रीरंगने बारडोलीला आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"नवी कुठली रे!" आई म्हणाली. "जुनीच होती. तू नवीसाठी अडून बसला होतास. मग तुझ्या बाबांनी साखर कारखान्यातून सुटल्यावर बाजारभर हिंडून कोरं खोकं मिळवलं, वर चमकता कागद लावला. तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं मला. आता तेच राहिले नाहीत, म्हणून सांगते."

श्रीरंग स्टुलावर बसून कॅसेटीमागचं श्री बघत राहिला. उज्ज्वलाने पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिऊन श्रीरंगने कॅसेट रुमालात गुंडाळली, पैसे दिले आणि दोघांना नमस्कार करून गेला.

तो वळणाआड गेला मात्र, भिकन तिच्याकडे वळला. "म्हटलं नव्हतं मी? आधी कोणाची तरी होती!"

झालं! आता हा जन्मभर ऐकायचा नाही. संध्याकाळी तर तो चहावाल्या सुकलालला रंगवून सांगत होता, "आणि बाप बिचारा एका खोक्यासाठी बारडोलीहून सुरतेपर्यंत पायी आला..."

"पायी नाही हो आला!" उज्ज्वला आतून ओरडली. "निदान कानांनी ऐकलेलं तरी धड सांगा!"