रिकाम्या खुर्चीला माफी

“म्हणा, मी तुला माफ केलं,” आमच्या केंद्राच्या साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

सुमन माझ्याकडे वळली. “मावशी, खुर्चीले कायले माफ करू? तिनं काय केलं माह्यं?”

मी वणीच्या समुपदेशन केंद्रात बसते. समुपदेशन म्हणजे सल्ले देणं नव्हे हो, तोंड मिटून ऐकणं. मला तेच जड जातं. सुमन मारेगावकडची. जावेचं लेकरू सारखं आजारी पडायचं. जावेनं गावभर केलं, सुमन करणी करते. झालं! तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावेना, तिच्या घरी कोणी येईना. लेकरू पुढे ठणठणीत झालं. सुमनची झोप गेली ती गेलीच.

‘फरगिव्हनेस थेरपी’चं ट्रेनिंग आम्हाला चांगलं मिळालं होतं. आधी झालेला अन्याय बोलायचा, राग येऊ द्यायचा. मग जमलं तर ते ओझं उतरवायचं, स्वतःसाठी. अन्याय करणारं माणूस समोर बसलंय असं समजून बोलायला ती खुर्ची. साहेबांनी त्यातली खुर्ची आणि माफी तेवढी उचलली. जेवणाच्या सुट्टीआधी माफी आणि वर फोटो, हेड ऑफिसला पाठवायला!

“साहेब, गाडीला ओरखडा पडला तर तुम्ही ड्रायव्हरला आठवडाभर बोलता. अन् हिने पाच मिनिटांत माफ करायचं?”

“मावशी, तुम्ही फार निगेटिव्ह.”

“हो. तुम्ही जेवून या.”

ते गेले. सुमनने खुर्चीला दरडावलं, “काय वं! माह्या मांडीवर वाढलं ते लेकरू, अन् मी त्याचं वाईट करीन?” मग रडली. पुढे कितीतरी महिने येत राहिली, तेच तेच बोलत राहिली. मी ऐकत राहिले.

संक्रांतीला तिने स्वतःच हळदीकुंकू ठेवलं, जावेलाही बोलावलं. मी आणि अंगणवाडीच्या ताई आधी जाऊन बसलो, तेव्हा कुठे बाकीच्या आल्या. सुमनने जावेला कुंकू लावलं, हातात वाण दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “तू माह्यावर खोटा आळ घेतला. मी आता तो उरावर घेऊन झोपत नाही. पण तुले चहाले थांब म्हणत नाही.”

जाऊ खाली मान घालून गेली. आम्ही चहा प्यायलो.

“झोप लागते का वं?” मी विचारलं.

“नवरा म्हणते, घोरतेस.”

माफी द्यायची की नाही, कधी द्यायची, चहासकट की चहाशिवाय, हे जिचं दुखलं तिनं ठरवायचं. ऑफिसनं नाही.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाचं ऐकून साहेबांचा फोन. “मावशी, माफीचा फोटो?”

“खुर्चीचा आहे,” म्हटलं, “पाठवू?”