बारव शेजारी, लेख मद्रासला

मद्रासहून माझा लेख परत आला, तेव्हा मी शिवलिंगअप्पांच्या पायातून नारू ओढत होतो.

नारू आताच्या माणसांना माहीत नाही, म्हणून सांगतो. तो एक किडा. सुताएवढा बारीक आणि हातभर लांब. कातडीखाली वर्षभर गुपचूप वाढतो आणि उन्हाळा तोंडावर आला की पायाला फोड आणून डोकं बाहेर काढतो. मग त्याला काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. घाई केली की तुटतो. तुटला की पाय सुजतो आणि माणूस पेरणीपर्यंत खाटेवर. म्हणून ओढताना डॉक्टरनं इकडंतिकडं बघायचं नसतं.

मी बघितलं. कंपाउंडर दारात जाड पाकीट घेऊन उभा होता. पातळ पाकीट म्हणजे लेख घेतला, जाड पाकीट म्हणजे लेख परत. मला तोवर फक्त जाड पाकिटांचा अनुभव होता.

"फोडा आणि माझ्यासमोर धरा," मी म्हणालो. माझे हात गुंतलेले होते.

पहिल्याच पानावर मासिकाच्या संपादकानं निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "व्हिच वेल?"

"काय म्हनायलेत?" अप्पांनी विचारलं.

"मद्रासचे संपादक आहेत. विचारतात, कुठली विहीर?"

"मग सांगा की. त्यात काय हाय."

ती विहीर म्हणजे अप्पांची बारव होती, आणि अप्पांचा पाय माझ्या मांडीवर होता. मी काडीवर पट्टी बांधली आणि "पाय भिजवू नका" एवढंच सांगितलं. हे मी रोज सांगायचो. अप्पा रोज हो म्हणायचे आणि रोज सकाळी पाय भिजवायचे.

निजामी अमलातली ही गोष्ट. सेलू स्टेशनापासून आत, एका गावात माझा सरकारी दवाखाना होता. अप्पा तिथले मोठे दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि माणूस दिसला की पहिला प्रश्न, जेवलात का. मला राहायला घर त्यांनीच दिलं होतं. दूधही त्यांच्याकडूनच यायचं. गावाची बारव त्यांच्या आजानं बांधलेली. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, थेट पाण्यापर्यंत चालत जायचं. काठावर महादेव. अप्पा रोज खाली उतरायचे, घोटाभर पाण्यात उभे राहायचे आणि महादेवासाठी कळशी भरून आणायचे.

सगळी गोम तिथंच होती. नारूचा पाय पाण्यात पडला की किडा त्या पाण्यात पिलं सोडतो. ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात जातात. ते पाणी माणूस पितो, आणि वर्षानं त्याच्या पायाला फोड येतो. हे पुस्तकात होतंच, शोध माझा नव्हता. मी पाहिलं ते एवढंच की गाव एक आणि विहिरी दोन. ओढ्यापलीकडच्या वस्तीला बारवेत उतरू देत नसत. त्यांचा वेगळा आड होता, दोरीनं शेंदायचा. ज्यांना बारवेच्या पाण्याला शिवू दिलं नव्हतं ते ठणठणीत होते, आणि ओढ्याच्या अलीकडं, आमच्या बाजूला, दर उन्हाळ्यात घराघरात कुणीतरी पाय धरून पडलेलं. उपाय सरळ होता. पायऱ्या बुजवायच्या आणि वर रहाट बसवायचा, म्हणजे कुणाचा पायच पाण्याला लागणार नाही.

हे मी तहसीलदारांना सांगितलं. ते हसले.

"डॉक्टर, तुमच्या तोंडी सांगण्यावर मी कुणाच्या आजाच्या बारवेला हात लावू? छापून आणा. इंग्रजीत छापलेलं असलं की मला वर दाखवता येतं."

मी मनातून खूश झालो. अप्पांशी बोलायचं टळलं, आणि वर आपलं नाव छापून येणार. घरी येऊन मी लगेच नवं निब घातलं.

आता माझ्या इंग्रजीबद्दल. घरी मराठी. हैदराबादेत डॉक्टरकीचं शिक्षण उर्दूतून. हाडं, नसा, काळीज, सगळं मी उर्दूत पाठ केलेलं. इंग्रजी भेटलं ते मॅट्रिकच्या पुस्तकात आणि सरकारी खलित्यांत. त्यामुळे मी विचार मराठीत करायचो, त्याला उर्दूतली अदब चढवायचो आणि मग ते इंग्रजीत न्यायचो. तिथं पोचेपर्यंत मुद्दा वाटेतल्या कुठल्यातरी स्टेशनावर उतरून गेलेला असायचा.

एक वाक्य मराठीत करून सांगतो. 'ज्या उदारहृदय पूर्वजाच्या पुण्याईने सदर जलाशय निर्माण झाला, त्याच्या कीर्तीस यत्किंचितही बाध न आणता, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते की, सदर जलाशय व सदर व्याधी यांचा कदाचित काही दूरान्वयाने संबंध असणे सर्वस्वी अशक्य नसावे.' हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं होतं. त्या वाक्याला एक अख्खा रविवार लागला. खरं सांगू, आजही मला त्याचा थोडा अभिमान वाटतो. संपादकानं त्याच्या शेजारी एकच शब्द लिहिला होता, "मीनिंग?"

लेख असा मागंपुढं करण्यात पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला आणि तिसरा लागला. मधे मी तीन शब्दकोश मागवले. गावातले पाय काही कमी झाले नाहीत. या वर्षी त्यात अप्पांचा पाय आला, आणि पहिल्यांदाच मला झोप लागेना. पाणी खाली चाललं होतं. याच दिवसांत ते जास्त बाधतं. अप्पा काडी बांधलेला पाय घेऊन रोज त्यात उभे राहत होते, आणि गाव तेच पाणी भरून नेत होतं. आता लेख छापून आलाच पाहिजे, असं मी ठरवलं. दुसरं काही करता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी लेख झटकून साफ लिहिला आणि गाडीनं परभणीला गेलो. सरकारी नोकराचा लेख छापायचा तर वरिष्ठांची मंजुरी लागायची; तोवर मी ती मागितलीच नव्हती. माझे वरिष्ठ तिथले सिव्हिल सर्जन, मोहसिनसाहेब. ऑपरेशनला हात फार हलका, आणि भाषेचे मोठे शौकीन. त्यांनी लेख वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मियाँ, ये क्या है? 'गाँव की बावली से नारू होता है.' बस? न सलाम, न कलाम, सीधे घर में घुस गए?"

"साहेब, संपादक म्हणतात साफ लिहा."

"साफ लिखो, मगर कपडे पहना के लिखो. बावली किसकी है?"

"अप्पांची. फार शरीफ गृहस्थ आहेत. मी त्यांच्याच घरात राहतो."

"फिर तो दो कपडे और पहनाओ."

आम्ही दोघं दुपारभर लेखाला कपडे चढवत बसलो. आरोग्यखात्याच्या स्तुतीचा एक परिच्छेद त्यांनी तोंडी सांगितला, आणि तो खरोखर सुंदर होता. मी बारवेचं 'ॲन एन्शंट वॉटर-बॉडी' केलं. अप्पांच्या आजाला आम्ही इतकं वर नेऊन बसवलं की तिथून त्यांना नारू दिसलाच नसता. निघताना साहेबांनी पाठ थोपटली.

"अब लगता है, किसी पढेलिखे ने लिखा है."

पंधरवड्यात पाकीट आलं. जाड.

या वेळी निळ्या पेन्सिलीनं पानंच्या पानं आडवी केली होती. स्तुतीचा परिच्छेद एका तिरक्या रेघेत गेला. मोहसिनसाहेबांना ते कसं सांगायचं याचीच मला आधी काळजी लागली. पण सोबत संपादकाची चिठ्ठी होती. तिचा मतलब असा: 'माझ्या समजुतीप्रमाणे आपलं म्हणणं असं दिसतं की, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांना नारू होतो आणि दोरीनं शेंदणाऱ्यांना होत नाही. तसं असेल तर ते उपयोगाचं आहे, मी छापतो. फक्त एक कळवा. आपण मालकाला सांगितलंत तेव्हा तो काय म्हणाला?'

त्या भल्या माणसानं धरूनच चाललं होतं की मी मालकाला सांगितलं असणार.

मी उत्तर लिहायला बसलो. 'द ओनर वॉज ड्यूली इन्फॉर्म्ड' लिहिलं. 'अँड ही रिप्लाइड' लिहिलं, आणि पेन थांबलं. अप्पांचं उत्तर मला बनवता येईना. इंग्रजीत नाही, उर्दूत नाही, मराठीतसुद्धा नाही. इतके दिवस मी ज्याला इंग्रजीची अडचण समजत होतो ती इंग्रजीची नव्हतीच. मला अप्पांची भीती वाटत होती. माणूस घर देतो, दूध देतो, आणि त्याला जाऊन सांगायचं की तुमच्या आजाच्या पुण्यातून गावाला किडे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारवेवर गेलो. अप्पा कळशी घेऊन उतरायच्या बेतात होते. मी त्यांना वरच्या पायरीवर थांबवलं.

"अप्पा, तुमच्या आजोबांच्या पुण्याईला कुठलाही बाध न आणता मला असं सुचवावंसं वाटतं—"

"डाक्टरसाब, पैशाची काय नड हाय का?"

"नाही, नाही."

"मग असं का बोलायलात?"

माझा धीर सुटला आणि त्याबरोबर इंग्रजी, उर्दू सगळंच सुटलं.

"अप्पा, नारू ह्या बारवेतून येतो. तुमचा पाय पाण्यात पडला की किड्याची पिलं पाण्यात जातात. तेच पाणी सगळे पितात. ओढ्यापलीकडं पायऱ्या नाहीत, तिथं नारू नाही."

अप्पा पायरीवर बसले. कळशी मांडीवर घेतली.

"म्हंजी मी गावाला नारू पाजायलोय?"

"तुम्ही एकटे नाही. ज्याच्या पायात आहे आणि जो उतरतो, तो प्रत्येक जण."

"आज्यानं गावाची तहान भागावी म्हनून बांदली वो," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. मग त्यांनी कळशी खाली ठेवली. "तुमाला हे कवापास्नं ठाव हाय?"

"दोन उन्हाळे झाले."

"आन हा माज्या पायातला? हा कवा पेलो मी?"

"गेल्या उन्हाळ्यात."

"म्हंजी तुमाला ठाव होतं, आन मी पीत होतो."

"मी लिहीत होतो, अप्पा."

"कुनाला?"

"मद्रासला."

अप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही, डॉक्टर शिकलेला आहे की नाही, असं काहीतरी ते तपासत होते.

"मद्रासचे लोक हितलं पानी पितेत का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा उठले, लंगडत वर गेले आणि गड्याला हाक मारली. "दोर आन. आजपास्नं खाली कुनी उतरायचं न्हाई."

सेलूहून गवंडी आणून त्यांनी पायऱ्या दगडचुन्यानं बुजवल्या आणि वर रहाट बसवला. तहसीलदारांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. चार म्हाताऱ्यांनी कुरकुर केली की महादेव कोपेल. अप्पा म्हणाले, "महादेवाला दोरीचं पानी चालतंय. मी इचारलंय." माझ्याशी मात्र ते बोलेनासे झाले. रोज यायचे, पाय माझ्या मांडीवर ठेवायचे आणि गप्पा कंपाउंडरशी मारायचे. दूध येतच होतं. ते बंद केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

लेख मी एका पानात लिहिला. दोन विहिरी, कुठं नारू आहे, कुठं नाही, मालकाला सांगितलं, मालक काय म्हणाला, मालकानं काय केलं. अप्पांचा मद्रासचा प्रश्नही तसाच घातला. मोहसिनसाहेबांनी पान दोनदा वाचलं.

"नंगा है," ते म्हणाले, आणि सही करता करता पुढं म्हणाले, "मगर तंदुरुस्त है."

पावसाळ्यात तो छापून आला, मासिकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. तहसीलदारांनी छापील पान वर दाखवलं, आणि पायऱ्या बुजवून टाकाव्यात असा हुकूम रीतसर निघाला. पायऱ्या बुजून तोवर दोन महिने झाले होते. पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू तुरळक निघाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही.

अंक आला त्याच दिवशी तो घेऊन मी अप्पांच्या दुकानात गेलो होतो. मराठीत करून सगळं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाला गूळ तोलून होईपर्यंत वाचून संपलं.

"आन माजं नाव कुटं हाय?" अप्पांनी विचारलं. इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते.

"नाव नाही घातलं, अप्पा. तुमच्या घराण्याची अब्रू... नुसतं 'मालक' म्हटलंय."

"आज्यानं बांदली तर दगडावर त्येचं नाव हाय. बुजवली मी. मग माजं नको?"

मी तिथंच, गुळाच्या कागदावर, संपादकाला एक ओळ लिहिली. पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून शिवलिंगअप्पांचं नाव आलं. ती ओळ जशी लिहिली तशीच छापली होती, एक अक्षर बदललं नव्हतं. पुढं मी बरेच लेख लिहिले. इंग्रजी काही फारसं सुधारलं नाही. पण ज्याची विहीर त्याला आधी सांगून मग लिहायला बसलं की इंग्रजी कमी लागतं.