एका दाढीत एक कोडं

घड्याळजींची दाढी बारा मिनिटांची. पहिला फेस गालाला लागला की मोजणी सुरू, तुरटी फिरली की बंद. तेवढ्या वेळात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं उभं-आडवं भरून मोकळं. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली, गळ्यावर वस्तरा, आणि उत्तरं बंदुकीतून सुटल्यासारखी. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होतो, म्हणजे माणसं काही कमी पाहिलेली नाहीत.

पद्धत अशी होती. पेपर आला की सलूनवाला आधी कात्रीनं कोडं कापून आरशाच्या चौकटीत खोचायचा. उरलेला पेपर गिऱ्हाइकांना, आणि वाचून झाला की त्याचे चौकोनी तुकडे करून वस्तरा पुसायला. सव्वाआठला घड्याळजी खुर्चीत. माझी ड्यूटी नऊची, त्यामुळे मी बाकावर आधीच हजर. कोडं वाचायचं आणि पेन्सिलीनं भरायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही, पण आलं ते चिकटलंच.

"आडवं एक," मी वाचायचो. "बदकाच्या पोटातलं काढून घेतलं तर बगळा उरतो. दोन अक्षरं."

"बक. पुढे."

"उभं दोन. सोनं, उलटं टांगलं तरी सोनंच. तीन अक्षरं."

"कनक. अरे, वाचतोस की तिकिटं फाडतोस? पुढे."

"माकडाचं डोकं उडवलं तर माणूस उरतो. दोन."

इथे ते हात वर करायचे. "वस्तरा उचल रे." सलूनवाला वस्तरा उचलायचा, आणि मग घड्याळजी फेस उडवत मनसोक्त हसायचे. "वानर! डोकं उडवलं की नर! वा! रचणारा कोण आहे कुणास ठाऊक, पण मेंदू तेल घातलेला आहे." हसून झालं की मान परत मागे. "हां, चालू दे."

शब्दांवर त्यांचं प्रेम होतं, माणसांवर नव्हतं. कोड्यात जिथे अक्षर बसत नाही त्या चौकोनाला काळं घर म्हणतात. घड्याळजींनी मला तेच नाव ठेवलं होतं. "काय, काळं घर, आज काही शिरलं का डोक्यात?" सगळं सलून हसायचं. मीही हसायचो. दुसरं काय करणार, मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेला, आणि तिथेही निम्मा वेळ मास्तरांची म्हैस राखण्यात गेला.

त्यांचं दुकान जिन्याखाली, कपाटाएवढं. आत बसले की गुडघे पुढच्या फळीला टेकायचे. भिंतीवर सव्वीस घड्याळं आणि सव्वीसही एकच वेळ दाखवणारी. डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास वाकलेले असायचे. त्यांच्या हातून दुरुस्त झालेलं घड्याळ परत बिघडून आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

एका गोष्टीची मात्र त्यांना भीती होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. त्यांचे वडीलही घड्याळजीच. साठीला टेकले आणि त्यांचे शब्द गळायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग चमच्याला काय म्हणतात ते गेलं, शेवटी मुलाला "तुम्ही कोण?" म्हणून गेले. मधल्या काळात त्यांनी कितीतरी लोकांची घड्याळं उघडून ठेवली आणि परत जोडलीच नाहीत. घड्याळजी म्हणायचे, "मी रोज सकाळी डोक्याला किल्ली देतो. ज्या दिवशी कोडं अडलं, त्या दिवशी हत्यारं खाली. दुसऱ्याच्या वस्तूची वाट लावायचा मला अधिकार नाही." तेव्हा ते अठ्ठावन्नचे होते.

आता माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे आम्ही पुढे केलं ते उगाच केलं असं वाटायला नको.

माझे गुडघे गेले होते. चालत्या बसमध्ये उभं राहवेना. डेपोत बसून करायचं काम मिळावं म्हणून मी अर्ज लिहिला. तीन रात्री लिहीत होतो. साहेबांकडे जायच्या आधी एकदा नजर घाला म्हणून घड्याळजींना दिला. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये पाऊल टाकलं, तर माझा अर्ज आरशाच्या चौकटीत, कोड्याच्या शेजारी! वर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"या, या," घड्याळजी म्हणाले. "आज दोन कोडी आहेत. हे दुसरं जास्त अवघड. ओळी अकरा, चुका चोवीस. साहेबांनी सोडवलं तर त्यांना बक्षीस द्यायला पाहिजे."

लोक खो खो हसले. चार दिवस तो अर्ज तिथे होता. सलूनवाल्यानं काढायला हात घातला तर घड्याळजी म्हणायचे, "राहू दे, गिऱ्हाइकांची करमणूक होते." पाचव्या दिवशी मीच काढला आणि खिशात घातला. तो पुढे साहेबांकडे गेलाच नाही. गुडघे तसेच घेऊन मी आणखी नऊ वर्षं उभा राहिलो.

सलूनच्या मागच्या बोळात एकाचा छापखाना होता. त्यालाही घड्याळजींचा प्रसाद मिळालेला, त्याच्या पत्रिका हातात घेऊन ते म्हणायचे, "ह्यात छपाई कुठली आणि डाग कुठले?" त्याच्याकडे पेपरातल्यासारखेच अक्षरांचे खिळे होते आणि पेपरातल्यासारखाच पिवळट कागदही. मी म्हणालो, "एक कोडं छापायचंय. फक्त त्याला उत्तर नाही."

"म्हणजे अवघड?"

"अवघड नाही रे. उत्तरच नाही."

छापखानेवाला आधी माझ्याकडे बघत राहिला, आणि मग जो हसायला लागला तो हातातले खिळे सांडेपर्यंत.

सूत्रं मी रचली. चौथी शिकलेल्या माणसानं! दोन दिवस बसमध्ये तिकिटं देता देता रचत होतो. 'परतताना छत्री बोलते, तीन अक्षरं.' 'शिंप्याच्या सावलीत मीठ, पण उभं, चार अक्षरं.' 'मामा दाराशी थांबला की चूल अर्धी होते, तीन अक्षरं.' ऐकायला कशी खरी वाटतात बघा. वाटतं, आत्ता उलगडेल. खोटं कशाला बोलू, आयुष्यात कुठल्या कामात इतकी मजा आली नाही. सलूनवाल्याला सामील करून घेतलं. रोजचं कोडं बाजूला, आमचं चौकटीत.

पहिला दिवस. फेस लागला.

"आडवं एक. परतताना छत्री बोलते. तीन अक्षरं."

घड्याळजींचे मिटलेले डोळे उघडले.

"घड्याळजी?"

"ऐकलं. पुढचं वाच."

पुढचं वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडल्या. सलूनवाल्यानं तुरटी फिरवली, टॉवेल झटकला, आणि एकही घर भरलेलं नव्हतं. मी मुद्दाम पेन्सिल कानाला लावली आणि म्हणालो, "आज सोपंच दिसतंय तसं. उद्या बघू."

त्यांनी कोडं मागून घेतलं. असं कधी झालं नव्हतं. मी दुपारी जिन्याखाली डोकावलो, तर समोर कुणाचं तरी घड्याळ उघडं, आणि हे डोळ्याला भिंग लावून कोड्यावर वाकलेले. जणू अक्षराच्या आत कुठे चाकाचा दाता अडकलाय.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची उत्तरंही आम्हीच छापलेली. मी वाचलं, "आडवं एक, कोनाडा."

सलूनवाला ठरल्याप्रमाणे म्हणाला, "अरे हो! छत्री! कोनाडा! काय डोकं आहे!"

छापखानेवाला बाकावर मांडी थोपटत होता. आणि मला हसू आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आम्ही तिघं हसतोय हे बघून दुसरी दोन गिऱ्हाइकंही हसायला लागली. त्यांना तर काही माहीतच नव्हतं.

घड्याळजींनी आरशातून आमच्या एकेकाकडे पाहिलं. मग हात वर केला. "वस्तरा उचल रे." आणि हसले. "कोनाडा," म्हणाले, "वा. बरोबर. कोनाडाच."

तेव्हाच थांबायला हवं होतं, असं आमची ही अजून म्हणते. पण आम्ही आठ दिवस चालवलं. रोज नवीन कोडं, रोज दुसऱ्या दिवशी हवी ती उत्तरं, आणि रोज आमची वाहवा. तिसऱ्या दिवशी ते आठला येऊन बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "दाढी सावकाश कर." सहाव्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "हे मामा आणि चुलीचं, तुला कळलं होतं का?" मी म्हणालो, "अहो, माझ्यासारख्या काळ्या घरालासुद्धा कळलं." त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. आठव्या दिवशी सलूनवाल्याचा हात थांबला, कारण गळ्याची घाटी सारखी वरखाली होत होती आणि वस्तरा लागला असता.

नवव्या दिवशी ते आलेच नाहीत. जिन्याखाली कुलूप. दुकानातली सगळी घड्याळं त्यांनी एकेकाच्या घरी नेऊन दिली होती, दुरुस्त झालेली आणि न झालेलीही, आणि प्रत्येकाला सांगितलं होतं, "आता माझ्या हातात देऊ नका." हत्यारांची पेटी दुसऱ्या पेठेतल्या घड्याळजीला देऊन टाकली.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. घड्याळजी खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली.

मी सरळ सांगून टाकलं. "घड्याळजी, त्या कोड्यांना उत्तरं नव्हती. आम्ही छापली होती. तुमची जिरवायची म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी कधी पाहिलं नव्हतं. मऊपणा म्हणा. "दादा," म्हणाले. मला! "दादा, इतकी वर्षं मी तुला घालूनपाडून बोललो, आणि तू माझ्यासाठी खोटं बोलायला आलास?"

"खोटं नाही हो! विचारा ह्याला."

छापखानेवाल्यानं खिशातून पुरावा काढला. आता ह्या शहाण्यानं काय केलं होतं, तर आधीचे कागद हाताशी नव्हते म्हणून निघता निघता त्याच खिळ्यांवरून एक ताजा छाप काढून आणला होता. घड्याळजींनी त्यावर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"शाई ओली आहे अजून," ते म्हणाले. "आत्ताच छापलंस. माझ्यासाठी एवढी तसदी घेतलीत."

पेपरातली खरी कोडी दाखवावीत, तर सलूनवाल्यानं आठही दिवस त्या कागदांनी वस्तरा पुसला होता.

"अहो, पण 'परतताना छत्री बोलते', ह्याचं उत्तर कोनाडा कसं असेल?" मी जवळजवळ ओरडलोच.

"ते मला कळलं नाही हाच तर मुद्दा आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण तू त्या दिवशी हसलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी आरशात पाहत होतो. खोटं हसणं मला ओळखता येतं रे. ते खरं होतं. विनोद असल्याशिवाय माणूस असा हसतो का?"

हसणं खरंच होतं.

वहिनींनी त्या दिवशीचा पेपर आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "हे तरी खरं आहे ना? सोडवा. ह्यांच्या तोंडावर सोडवून दाखवा." मी पहिलं सूत्र वाचलं, "गुरुजी उलटे फिरले की प्यायला मिळतो. दोन अक्षरं." सर, उलटा केला की रस. मला, मला कळलं हो, वाचता वाचता! मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम. ओठ हलत होते. ते त्या सूत्रात कुठला सापळा आहे ते शोधत होते, आणि भीतीनं त्यांना समोरची दोन अक्षरं दिसत नव्हती.

"चहा?" ते म्हणाले. "चहा आहे का?"

वहिनींनी पेपर उचलून आत नेला.

घड्याळजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. वडिलांचं दुखणं त्यांना शेवटपर्यंत झालं नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, मेंदू ठणठणीत आहे. ते म्हणायचे, "डॉक्टर चांगला माणूस आहे." वहिनींनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात नाव-पत्ता लिहिलेली कापडाची पट्टी शिवली होती, त्यांनीच हट्ट धरला म्हणून. रस्ता ते एकदाही चुकले नाहीत, कारण एकटे कधी बाहेर पडलेच नाहीत. वहिनी कोपराला धरून संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत न्यायच्या आणि आणायच्या. बोलणंही कमी करत गेले. शब्द चुकेल म्हणून आधीच थांबायचे. ज्या माणसानं अख्ख्या सलूनला जिभेवर नाचवलं, तो "हे" आणि "ते" एवढ्यावर दिवस काढायला लागला.

मला ते वाटेत भेटायचे. मी ड्यूटीवरून येत असायचो, खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची चामड्याची पिशवी. ते थांबायचे, माझ्याकडे नीट निरखून पाहायचे, आणि सावकाश, एकेक अक्षर चाचपत विचारायचे, "तू... कंडक्टर ना?"

"हो, घड्याळजी."

मग त्यांचा चेहरा उजळायचा. वहिनींकडे वळून म्हणायचे, "बघ. आज आलं."