पन्नास वर्षांचा कागद

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वायरमन पोरीइतकं संशयी माणूस अख्ख्या नांदेडात दुसरं नसेल. तिने डोळे झाकून विश्वास ठेवला तो एकदाच, आणि तोही नेमका माझ्यावर. तिच्या राहण्याच्या परवान्याच्या दोन झेरॉक्स काढून आणायच्या, एवढंच काम होतं. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, कागद लई मऊ पडलाय, घडीवर फाटंल. लॅमिनेशन मारून देऊ का? पन्नास वर्षं काई होत न्हाई." आमच्या घरी लग्नाच्या दाखल्यापासून फ्रिजच्या वॉरंटी कार्डापर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये आहे. मी म्हटलं, मार. त्या कागदाच्या पाठीवर दरवर्षी मुदतवाढीचा शिक्का घ्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. वर्षावर्षाने जगणारा कागद मी पन्नास वर्षांचा करून मोठ्या ऐटीत घरी आणला.

पोरगी काबूलची, शीख. तिकडचं राज्य बदललं तेव्हा आईला घेऊन आधी दिल्लीला आली. गुरुद्वाऱ्याजवळ लांबचे कुणी नातेवाईक होते म्हणून तिथून नांदेडला, आणि आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या म्हणून आमच्याकडे. वडील तिकडेच गेले, दुकानासकट. कागदावर ती निर्वासित होती. आमच्या घरात मात्र तपासणी अधिकारी. सकाळी वायरमनच्या कोर्सला जायची, दुपारी माझ्याकडे दहावीच्या अभ्यासाला बसायची. तिकडे अकरावीपर्यंत शिकलेली, पण शाळा सोडल्याचा दाखला शाळेतच राहिला आणि शाळा तिकडे. म्हणून एकविसाव्या वर्षी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून पुन्हा दहावी द्यायची. पास झाली तर पुढच्या कोर्सला घेऊ, मग लायसन, मग नोकरी, असं कोर्सच्या सेंटरवरच्या सरांनी सांगितलेलं. मराठीत तिला सगळ्यात आधी कळले ते कचेरीतले शब्द. अर्ज, तारीख, मुदत, जामीन, सगळे फारसीतून आलेले. "ये तो हमारे ही हैं," म्हणाली. भाकरी आणि भाजी मागाहून आल्या. बाकीचं मराठी ती सेंटरवरच्या पोरांकडून शिकली, त्यामुळे मी शिकवलेलं शुद्धलेखन वहीतच राहिलं.

टेस्टर तिच्या खिशात कायम. पहिल्या दिवशी बायकोने पाणी दिलं, तर पोरीने आधी स्टीलच्या पेल्याला टेस्टर लावून पाहिला. मग फ्रिज, मिक्सर, दाराची कडी, बुद्धाच्या फोटोभोवतीची दिव्यांची माळ. एकदा मी दुपारी कॉटवर पडलो होतो, तर माझ्या कोपरालाही लावला. "हलून नव्हते राहिले, काका," म्हणाली. एकदा मी चेष्टेने विचारलं, "अगं, पेल्यात कुठून येईल करंट? दिसतोय ना साधा पेला?" ती पेला फिरवून बघत राहिली. "दिसायला तर त्या दिवशीपण सगळं ठीकच होतं, काका." त्यानंतर मी चेष्टा केली नाही. पाहुण्यांपुढेसुद्धा तिला खुशाल तपासू दिलं.

तिची खरी लढाई झाली आमच्या कूलरशी. आमचा पत्र्याचा कूलर आठ वर्षं शॉक देत होता. घरातल्या तापट म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं तसं आम्ही त्याला सांभाळून घेतलेलं. पाणी भरताना बायको चप्पल घालायची आणि मी लांबून "चप्पल, चप्पल" असं ओरडून संसाराला हातभार लावायचो. पोरीने टेस्टर लावला, दिवा लागला, आणि ती अवाक् झाली. "आठ वर्षं? बॉडी करंट मारून राहिली, आन् तुमी इथंच राहून राहिले?" तिने अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, पट्टी पुरली, घराला अर्थिंग करून दिलं. मदत घेतली नाही. मी फावडं धरलं की ती त्यालाही टेस्टर लावायची.

त्याच आठवड्यात मी कागद लॅमिनेट केला.

कचेरीतले साहेब भले गृहस्थ. "हे काय करून आणलं?" म्हणाले, तरी शिक्का मारून पाहिला. शाई प्लास्टिकवर थेंबाथेंबाने जमली. साहेबांनी बोट फिरवलं, तर मुदतवाढ बोटाला आली. घरी बायकोने इस्त्री कोमट करून एक कोपरा सोडवायचा प्रयत्न केला. पोरीच्या फोटोतलं कपाळ प्लास्टिकबरोबर वर यायला लागलं, तेव्हा बायकोने घाबरून हात काढला. "तुम्हाला दोन झेरॉक्स सांगितल्या होत्या की हो!" एवढंच म्हणाली. पोरीने कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि वर गेली.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती. तिला घेऊन एसटीने लातूरला बोर्डात गेलो. शिक्षकी पेशातल्या ओळखी काढल्या, हातही जोडले. "सर, चालू मुदतीचा कागद लागतो. दिल्लीहून नवीन आणा, पुढच्या वर्षी बसवू." त्यांचंही बरोबर होतं. परतताना चाकूरच्या स्टँडवर चहा घेतला. तिने कपाला टेस्टर लावला नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं. गाडी हलल्यावर ती एकदम म्हणाली, "काका, पन्नास वर्षं म्हणला तो?"

"हाव. पन्नास."

"मला तर साहेब मार्चपर्यंतच देतात." आणि हसायला लागली, इतकी, की कंडक्टरने वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नव्या कागदासाठी मायलेकी दिल्लीला गेल्या. महिनाभरात येतो म्हणाल्या होत्या, त्याला आता वर्ष होत आलं. वरच्या खोल्या आम्ही कुणाला दिल्या नाहीत. फोन केला की ती आधी विचारते, "कूलर?" मी म्हणतो, गप्प आहे. मी विचारतो, "कागद?" ती म्हणते, "तारीख दिली." तिकडे एका दुकानात पंखे दुरुस्त करते. दहावीचं मी विचारत नाही, तीही काढत नाही.

साहेबांनी मार्करने 'रद्द' लिहून परत दिलेला तो जुना कागद जाताना ती माझ्या टेबलावर ठेवून गेली होती. परवा कूलरमध्ये पाणी भरलं, अनवाणी. पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. काहीच झालं नाही. मग तो कागद काढून बघत बसलो. प्लास्टिक अजून नवं कोरं, आत कपाळावर सुरकुती पडलेली ती पोरगी. बायकोने कागद माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि आमच्या लेकरांच्या दाखल्यांच्या फाइलीत लावला.

"दिल्लीवाले देतील वर्षाचा," ती म्हणाली. "आपल्याकडचा पन्नास वर्षांचा आहे. हात लावू नका आता त्याला."