घरगाडीचा पट्टा

पहिल्यांदा पट्टा तुटला तो आंजीच्या अलीकडे, मे महिन्यात, सकाळी साडेदहाला. आमच्याकडच्या मे महिन्यातले साडेदहा म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. डांबर मऊ पडलेलं. सावलीला एकच बाभूळ, तीही बकऱ्यांनी आधीच धरलेली. इंजिनातून फटकन आवाज आला, लाल दिवा लागला आणि मी गाडी बाजूला घेतली. दोन सीटांच्या मधलं झाकण उघडून पाहतो तर फॅन बेल्टच्या नुसत्या चिंध्या.

वर्ध्याजवळच्या सेलूत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जूनपासून श्वास घ्यायला फुरसत नाही, मेमध्ये मात्र माशा मारायच्या. म्हणून सत्त्याण्णवच्या सुमारास मी एक वेडेपणा केला. कुठल्याशा संस्थेचा फिरता दवाखाना निकामी झाला म्हणून विकायला निघाला होता, ती जुनी मेटाडोर घेतली. आत पेशंटला झोपवायचा बाक, हात धुवायचं बेसिन, औषधांचं कपाट सगळं आयतंच होतं. सुताराकडून आणखी दोन फळ्या ठोकून घेतल्या, स्टोव्हपुरता ओटा केला, बायकोनं पडदे शिवले. झाली घरगाडी. दोनदा रंग देऊनही बाहेरचं दवाखान्याचं नाव पुसट दिसायचंच. खेड्यात गाडी उभी केली की एखादी म्हातारी दंड उघडा करून इंजेक्शनसाठी हजर.

गाडीत आम्ही तिघं. मी, बायको आणि बाबा. बाबांनी सारी हयात हिंगणीजवळच्या वावरात भाजीपाला पिकवला आणि बैलबंडीत भरून सेलूच्या बाजारात आणला. आई गेल्यावर वावर ठेक्यानं दिलं, बैल विकले आणि ते आमच्याकडे राहायला आले. दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. घरगाडी आली आणि माणूस उठून बसला. कुठं निघायचं असलं की आमच्या आधी उठून गाडी धुवायचे, काचा पुसायचे, टायरवर बुक्की मारून हवा बघायचे. मला बरं वाटायचं. गाडीची एक किल्ली मी त्यांच्याकडेच देऊन ठेवली होती.

तर त्या दिवशी आम्ही चिखलदऱ्याला निघालो होतो आणि आंजीला पोचलो नाही. थांबलेल्या गाडीभोवती जमणारा प्रत्येक माणूस मिस्त्री असतो. एकानं सांगितलं साडीची पट्टी बांधा, दुसरा म्हणाला ढकलून पाहा. मी आंजीपर्यंत पायी गेलो, सेलूला फोन लावला आणि बसस्टँडमागच्या आमच्या मिस्त्रीला निरोप दिला. दुपारी तो एसटीनं आला, नवा पट्टा खांद्यावर अडकवून. माणूस असा की बदललेला जुना पार्ट कागदात गुंडाळून मालकाच्या हाती द्यायचा, म्हणजे शंका नको. त्यानं पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, म्हणाला, “आता जा बिनधास्त.” पण आमची हौस तोवर उन्हात वाळून गेली होती. गाडी वळवली आणि घरी आलो.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत. बोर धरणापर्यंत तर जायचं होतं, हाकेच्या अंतरावर. हिंगणीच्या पुढे गेलो आणि केबिनमध्ये वाफ भरली. गरमी दाखवणारा काटा जुन्या मालकाच्या काळापासूनच मेलेला, त्यामुळे मला कळलंच नाही. पट्टा घसरत होता, पाण्याचा पंप फिरत नव्हता आणि मी आपला गाणी लावून गाडी हाणतोय. इंजिन तापून त्याचं हेड वाकलं, गॅस्केट उडालं. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी सेलूला आणली. सारं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं आणि बाबा समोरच्या सीटवर बसून ओळखीच्यांना हात दाखवत होते.

हेड नागपूरला जाऊन सरळ होऊन आलं. नवं गॅस्केट, नवा पंप, नवा पट्टा, मजुरी. बिल पाहून मी कागद उलटून बघितला, मागं काही वजावट लिहिली आहे का म्हणून. फ्रीजसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. 

मिस्त्री म्हणाला, “भाऊ, पट्ट्यावर ऑइल येऊन राह्यलं. कुठून येते ते सापडून नाई राह्यलं.” त्यानं इंजिनाचं तेल अडवणारं पुढचं सील बदललं. त्याचे वेगळे पैसे.

आणि फेब्रुवारीत, पुन्हा. या वेळी घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, भर चौकात. आधी दोन दिवस पट्टा चीं चीं करत होता, मग आवाज थांबला, मला वाटलं सुधारला, आणि तिसऱ्या दिवशी फटकन. मी गाडी तशीच चौकात सोडली आणि तुटका पट्टा हातात घेऊन बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात घुसलो. मिस्त्री तिथं चहा पीत होता. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. त्यांत एक जीपवाला, त्याच्या तीन काळ्या-पिवळ्या जीपा प्रवासी वाहायच्या आणि तिन्ही या मिस्त्रीकडेच यायच्या. मिस्त्रीचं निम्मं घर त्या तीन जीपांवर चालायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी पट्टा त्याच्या टेबलावर आपटला. “डुप्लिकेट माल टाकतं अन् ओरिजनलचे पैसे घेतं,” मी ओरडलो. “दरवेळी नवं काहीतरी काढतं. कधी हेड, कधी सील. गाडी माही आहे का तुही दुभती म्हैस?”

लोक हसले. मिस्त्रीनं ग्लास खाली ठेवला. “भाऊ, दुसरीकडं दाखवून पाहा,” एवढंच म्हणाला आणि उठून गेला. आठ दिवसांत तिन्ही जीपा वर्ध्याच्या गॅरेजला जायला लागल्या. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही कबूल करून टाकतो. इतके महिने ज्या रागाला बसायला जागा मिळत नव्हती, त्याला एकदाची मिळाली होती.

मीही गाडी वर्ध्याला नेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं जास्त पैसे घेतले आणि तसलाच पट्टा बसवला.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही पुलगावला मेहुणीकडे निघणार होतो. सकाळी मी गाद्या ठेवायला गाडीशी गेलो. दार उघडंच होतं. बाबा आत गुडघ्यांवर बसले होते, इंजिनाचं झाकण बाजूला काढून ठेवलं होतं. हातात डालड्याचा जुना डबा आणि चिंधी गुंडाळलेली काडी. ती डब्यात बुडवून ते पट्ट्याच्या आतल्या बाजूनं फिरवत होते. सावकाश, एकही जागा न सोडता.

“काय करून राह्यले, बाबा?”

“वंगण लावून राह्यलो.” त्यांनी मान वळवली नाही. “निंगायच्या आधी बंडीच्या चाकाले वंगण द्या लागते का नाई? तसंच. याले कोणी देतच नाई. बिचारा कोरडा पडते अन् वरडते. मी लावलं का चूप बसते.”

“दरवेळी लावता?”

“दरवेळी. मी हाव म्हून तुही गाडी चालून राह्यली.”

डब्यात काळं जळकं ऑइल होतं. कुठून आणलं विचारलं, तर मिस्त्रीच्या गॅरेजातून. बंडीसाठी पाहिजे म्हटलं की तो डबा भरून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही.

तेल लागलं की रबर घसरतं, फुगतं, मऊ होऊन तुटतं, हे मलाही तोवर कळत होतं. आंजीचं ऊन, हिंगणीची वाफ, फ्रीजचे पैसे, चौकातला तमाशा, सगळ्याचं उत्तर त्या डालड्याच्या डब्यात होतं. असा संताप आला की डबा रस्त्यावर भिरकावावा. पण भिरकावणार कुणासमोर? तो माणूस आई गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून चार वाक्यं सलग बोलला होता. मी म्हटलं, “द्या तो डबा. आजपासून मीच लावत जाईन.” बाबांनी दिला. त्यांना ते फारसं आवडलं नाही. मेहुणीकडं आम्ही बसनं गेलो.

परतल्यावर संध्याकाळी मिस्त्रीच्या गॅरेजला गेलो. तो एकटाच होता. एरवी तिथं एखादी जीप उभी असायची, त्या दिवशी दोन सायकली होत्या. मी सगळं सांगितलं, हात जोडले, झालेल्या नुकसानीचे काय ते देतो म्हणालो.

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, “भाऊ, तुमी मले हॉटेलात बोलले, सगळ्यांसमोर. अन् माफी इथं मांगून राह्यले, कोणी नसताना.”

मी खिशात हात घातला.

“पैसे नोको मले. तिथं येऊन सांगा. बस.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्याचं बरोबर आहे. बरोबर होतंच, म्हणून तर चीड येत होती. हॉटेलात खरं सांगायचं म्हणजे म्हाताऱ्यानं पट्ट्याला वंगण फासलं हे सांगायचं. आमच्या गावाला असलं काही सापडलं की वर्ष वर्ष पुरतं. बाबा पायरीवर बसले की येणारा-जाणारा विचारणार, बाबाजी, आज कशाले वंगण लावलं? मग ते पुन्हा गप्प होतील आणि या वेळी कायमचे. रात्रभर विचार करून मी एक तोड काढली. वंगण मीच लावलं असं सांगायचं. हसतील ते मला हसतील, दुकानदाराला चार दिवस हसल्यानं काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला बसल्याचं पाहून मी हॉटेलात गेलो. मिस्त्री होता, जीपवाला होता, नेहमीचे सगळे होते. मी उभा राहून मोठ्यानं बोललो, “ऐका. मिस्त्रीची काही चूक नोहे. पट्ट्याले मीच ऑइल लावत होतो. मले वाटलं आवाज बंद होईल. त्याच्यानं पट्टे तुटले.”

एकदोघं हसले. जीपवाल्यानं मिस्त्रीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. काम झालं असं मला वाटलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“खोटं काऊन बोलतं?”

बाबा दारात उभे होते. दुकानाची किल्ली मी घरातून घेऊन निघालो होतो, ती मागायला अंघोळ उरकून मागोमाग आले होते. “यानं कालच डबा घेतला माह्या हातातून,” ते सगळ्यांना सांगू लागले. “गाडी आली तवापासून वंगण मी लावतो. याले काय येते त्यातलं? बंडी कोण हाकत होतं, मी का हा?”

हॉटेल एकदम हसलं. आधी बाबाही हसले, आपलं म्हणणं लोकांना पटलं असं वाटून. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पट्टे त्याच्यानं तुटले हे माझं मघाचं वाक्य त्यांना आता आठवलं असणार, कारण त्यांचं हसणं हळूहळू थांबलं. ते मिस्त्रीसमोर जाऊन उभे राहिले.

“माह्या वंगणानं तुटला का रे पट्टा? खरं सांगजो.”

मिस्त्रीनं मान वर केली. त्याला जे हवं होतं ते त्याच्यापुढं येऊन उभं होतं, ज्यांच्यासमोर हवं होतं त्यांच्यासमोर. एक “हो” म्हटलं की झालं. त्यानं जीपवाल्याकडं बघितलं, मग बाबांकडं.

“नाई, बाबाजी,” तो म्हणाला. “पट्टेच कच्चे निंगाले. माह्याच आणण्यात गलती झाली. तुमच्या वंगणानं उलट चार दिवस जास्त चालले ते.”

“असं का?”

“असंच. आता मी नवा टाकून देतो, तो कोरडाच चालते. तुमी रेडिएटरचं पाणी पाहात जा.”

बाबांनी मान हलवली, बाकावर बसले आणि चहा सांगितला. जीपवाला शेजारच्याला म्हणाला, “म्या तर आधीच म्हटलं होतं,” आणि उठून गेला. एरवी आठ आण्यांसाठी बाजार गोळा करणारा मी, तिथं उभा होतो आणि तोंड उघडू शकत नव्हतो, कारण बाबा समोर बसून बशीतला चहा फुंकत होते.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. रेडिएटरचं पाणी त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही. मिस्त्रीनं मात्र दोन वर्षांत गॅरेजचं शटर ओढलं आणि बुटीबोरीला कारखान्यात नोकरी धरली. त्या दोन वर्षांत भेटेल त्याला मी सांगायचो, गाडी याच्याकडं न्या, याच्यासारखा माणूस नाही. लोक म्हणायचे, काहीतरीच काय सांगता, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, तुम्ही तर तिथंच उभे होता.